जमीन कुणाची, निर्णय कुणाचा?

(मार्कंडा येथील अभ्यास शिबिरात दिलेले व्याख्यान)



महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते तेव्हा वैनगंगेच्या काठी हजारो माणसे जमतात. त्यांच्यासाठी कुणी प्रेक्षागार उभारलेले नसते. माणसे स्नान करतात, दर्शन घेतात, बाजार करतात, सोयऱ्यांना भेटतात. आणि यात्रा पांगली की काठ पुन्हा नदीचा होतो. येथे प्रत्येक जण यात्रेकरू असतो, नुसता प्रेक्षक कुणीच नसतो. नगररचनेचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडची राजधानी वॉर्सा बेचिराख झाली. १९४४ च्या उठावानंतर जर्मन फौजांनी उरलेसुरले शहरही पद्धतशीरपणे पाडले. ऑक्टोबर १९४५ मध्ये नव्या राजवटीने हुकूम काढून शहरातील सर्व जमीन नगरपालिकेच्या मालकीची केली. जमिनीच्या सट्ट्याचे मूळच अशा रीतीने उखडले गेले. त्यामुळे रस्ते, वसाहती, उद्याने यांची आखणी मालकांच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही. शहराच्या ढिगाऱ्यांतील विटामाती विस्तुला नदीच्या उजव्या तीरावर रचून तिच्या उतारावर प्रचंड क्रीडागार बांधण्यात आले. वर्षभराच्या आत काम पुरे होऊन २२ जुलै १९५५ रोजी ते खुले झाले. सत्तर हजारांहून अधिक माणसे तेथे बसू शकत. उद्ध्वस्त शहराने आपल्याच अवशेषांतून मैदान उभारावे, ही घटना कोणाही समाजवाद्याला अभिमान वाटावा अशीच होती.

परंतु याच क्रीडागारात ८ सप्टेंबर १९६८ रोजी सुगीचा सरकारी सोहळा चालू असताना रिशार्ड सिव्हिएत्स या गृहस्थाने चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ स्वतःला पेटवून घेतले. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. हजारोंच्या समक्ष घडलेली ही घटना वृत्तपत्रांतून दडपली गेली. जमीन लोकांच्या नावावर होती, पण लोकांना तोंड उघडण्याची मुभा नव्हती. त्या मैदानावर लोक होते ते प्रेक्षक म्हणूनच. १९८९ नंतर तेथे मोठा बाजार भरू लागला. पुढे जुने बांधकाम हटवून त्या जागी २०१२ मध्ये नवे राष्ट्रीय क्रीडागार उभे राहिले.

मुंबईची कहाणी नेमकी उलटी आहे. येथे मताचा अधिकार आहे, पण जमीन बाजारात आहे. चर्चगेटला १९३७ पासून ब्रेबॉर्न स्टेडियम होते. तिकिटांच्या वाटपावरून दोन क्रिकेट संस्थांत तंटा झाला आणि हाकेच्या अंतरावर १९७४-७५ मध्ये वानखेडे स्टेडियम उभे राहिले. एका खेळासाठी एकाच भागात दोन प्रेक्षागारे झाली! गिरणगावाच्या वाट्याला मात्र काय आले? १९९१ च्या नियमावलीनुसार विकासास निघालेल्या गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व सार्वजनिक घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. ज्या कामगारांनी शहर घडविले, त्यांच्या मुलांच्या हातून मैदान निसटले.

तात्पर्य, जमिनीवरील सामाजिक मालकी आणि निर्णयाचा लोकशाही अधिकार यांची फारकत झाली की दोन्ही निष्प्रभ होतात. या दोहोंचा मेळ पाहावयाचा तर परदेशी जाण्याची गरज नाही. याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे जंगलाचा कारभार ग्रामसभा पाहते आणि निर्णय सर्वसहमतीने होतात.

म्हणून आपल्या तालुक्याच्या गावी क्रीडासंकुलाचा आराखडा येईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी कोनशिलेच्या समारंभापूर्वीच तो लोकांच्या सभेत मागावा. जागा कुणाची घेतली, कुणाला विचारून घेतली, आणि सामने नसतील त्या दिवशी गावातील मुलामुलींना फाटक उघडे राहील काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ती सभा उठू नये.