ही चाल कोणाची?



आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मागे एक गंमत झाली. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा पेटी घेऊन बसला. आता हा एखादे नाट्यगीत वाजवणार, अशा समजुतीने आम्ही पुढच्या रांगेतले प्राध्यापक सावरून बसलो. त्याने भाता ओढला आणि एक चपळ, उड्या मारणारी चाल सुरू केली. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. चाल सगळ्या पोरांच्या ओळखीची होती! कार्यक्रम संपल्यावर मी त्याला विचारले, "काय रे, ही चाल कोणाची?" तो म्हणाला, "सर, गेममधली आहे." "ते झाले. पण बांधली कोणी?" मुलगा गप्प. खरे सांगायचे तर मलाही ते घरी जाऊन शोधावे लागले.

ती चाल 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाची. जपानमधील निन्टेन्डो कंपनीत नोकरीला असलेल्या कोजी कोंडो यांनी १९८५ साली ती बांधली. त्या वेळच्या यंत्रात एका वेळी जेमतेम तीन स्वर आणि तालासाठी थोडी खरखर, एवढाच काय तो वाद्यमेळ. पण तेवढ्यात त्यांनी असे काही साधले की, २०२३ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय सूचीत तिला स्थान दिले. खेळाच्या संगीताला हा मान तेव्हा प्रथमच मिळाला.

असे संगीत आज कितीतरी लोक परवानगीवाचून इंटरनेटवर चढवतात आणि जगभरचे लोक ते फुकट ऐकतात. यात ते निर्माण करणाराचे भले होते की नुकसान?

भले होते असे म्हणणारांची बाजू पोकळ नाही. जुने खेळ बाजारातून जातात, यंत्रे मोडतात. रसिकांनी जपल्या नाहीत तर त्या चाली ऐकायच्या कुठे? अमेरिकेत १९९९ साली 'ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स' नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. खेळांच्या चाली हौशी मंडळी तेथे आपल्या ढंगाने नव्याने बसवतात. पुढे २००८ साली कॅपकॉम कंपनीने आपल्या 'स्ट्रीट फायटर' खेळाच्या एका नव्या आवृत्तीचे संगीत याच हौशी मंडळींकडून करून घेतले. म्हणजे ज्याचा माल, त्यालाच त्यांची हौस उपयोगी पडली.

आता दुसरी बाजू पहा. अमेरिकेतील टोबी फॉक्स या तरुणाने २०१५ साली 'अंडरटेल' हा खेळ बहुतांशी एकट्याने तयार केला. त्याचे संगीतही त्याचेच. त्या खेळाच्या १०१ संगीतरचनांचा संच त्याने वेगळा विक्रीला ठेवला. असा संच कोणी जसाच्या तसा फुकट वाटू लागला, तर त्याची झळ कोणाला लागेल? थेट त्या निर्मात्याच्या खिशाला.

मंडळी, आपल्या शेतावरचेच उदाहरण घ्या. सालगडी वर्षभर राबतो, पीक मालकाचे. कंपनीत पगारावर चाली बांधणारा संगीतकार बराचसा या सालगड्यासारखा आहे. हक्क बहुधा कंपनीकडे जातो. मालकाच्या खळ्यावरून कोणी दोन पायल्या उचलल्या, तर गड्याचा ठरलेला पगार लगेच कापला जात नाही. पण स्वतःच कसून स्वतःच विकणारा लहान शेतकरी असेल, तर त्याच दोन पायल्या त्याच्या पोटातल्या असतात. अर्थात मालकाला खोट येत गेली तर पुढल्या साली तो गडी ठेवील की नाही, हाही प्रश्न आहेच. म्हणून 'फुकट वाटल्याने भलेच होते' किंवा 'नुकसानच होते' अशी सरसकट उत्तरे देऊ नयेत. आधी विचारावे, खळे कोणाचे?

पण सालगड्याचेही एक धन आहे बरं का, आणि ते म्हणजे त्याचे नाव. २०२२ साली निन्टेन्डोने एका रसिकाने इंटरनेटवर ठेवलेल्या तेराशेहून अधिक रचना बंद करायला लावल्या. कंपनीचा तो हक्कच होता. पुढे ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीने आपले स्वतःचे संगीताचे अ‍ॅप सुरू केले, तेही उत्तम झाले. मात्र ते सुरू झाले तेव्हा त्यात रचनांपुढे संगीतकारांची नावेच नव्हती! म्हणजे हक्क राखला गेला, पण हक्काचा मूळ धनी अंधारातच राहिला. फुकट वाटणारा पैसा बुडवतो हे खरे. पण नाव बुडवण्याचे काम कायदेशीर मालकाच्या हातूनही घडू शकते.

आपल्याकडे चित्रपटसंगीताच्या बाबतीत हीच तक्रार होती. म्हणून २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. हक्क निर्मात्याला लिहून दिला, तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनात गीतकाराचा व संगीतकाराचा वाटा राहतो.

शिक्षक बंधुभगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे चाल वाजवायला आपला कायदा मोकळीक देतो. पण ती मोकळीक त्या मांडवापुरती. त्याचे चित्रीकरण करून जगापुढे ठेवायचे, तर मालकाची संमती हवी. खाली नाव लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. मात्र परवानगी असो वा नसो, नाव सांगण्यातून सुटका नाही. आणि जे विकत मिळते आणि परवडते, ते विकतच घ्यावे.

रेडिओवर गाणे लागते तेव्हा निवेदक गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव सांगतो. लहानपणापासून आपण ते ऐकत आलो. त्यामुळे चालीमागे एक माणूस असतो, हे कोणी न शिकवताच आपल्याला कळले. आजची मुले चाली ऐकतात मोबाइलवर, आणि तेथे निवेदक नाही. ते काम आता आपण करायचे.

पुढच्या कार्यक्रमात तोच मुलगा पुन्हा पेटीवर बसला. भाता ओढण्यापूर्वी थोडा घुटमळला, आणि मग मोठ्याने म्हणाला, "चाल कोजी कोंडो यांची." टाळ्या तेवढ्याच पडल्या. पण या वेळी त्यांतल्या काही दूर जपानात पोचल्या असाव्यात, असे मला उगीच वाटून गेले.