नंबर नाही, शिक्का आहे

आज आपण सायकलविषयी बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात सायकल कशाला, असं वाटेल. पण ऐका तर खरं.

हिवाळ्यात रविवारी पहाटे हमरस्त्यावरून सायकलवाले जाताना तुम्हीही पाहिले असतील. डोक्याला हेल्मेट, अंगात चमकणारं जाकीट, मागे लाल दिवा. आमच्या गटातल्या बायका म्हणायच्या, "शर्यत असणार. मोठं बक्षीस असल्याशिवाय एवढ्या थंडीत कोण निघतं?" एकदा फाट्यावर चहाला थांबलेल्यांना आम्ही विचारलंच. कळलं ते असं, की शर्यत नाही, बक्षीसही नाही. उलट पदरचे पैसे भरून ही माणसं आलेली.

या प्रकाराला ब्रेव्हे म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ प्रमाणपत्र. यात 200, 300, 400 आणि 600 किलोमीटर असे टप्पे असतात. 200 किलोमीटर म्हणजे साधारण पुण्याहून साताऱ्याला जाऊन परत येणं. त्याला साडेतेरा तास मिळतात. 300 ला 20 तास, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. बायकांना आणि पुरुषांना वेळ सारखीच.

निघताना प्रत्येकाला एक कार्ड देतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून त्यावर वेळ आणि शिक्का घ्यायचा. रात्रीच्या वेळी कुणी नसेल, तर एटीएमची पावतीसुद्धा पुरावा म्हणून चालते. सगळे शिक्के वेळेत झाले, की ब्रेव्हे पुरी. यात पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. सर्वांत आधी पोचलेला आणि शेवटची पाच मिनिटं उरताना पोचलेली, दोघांची नोंद सारखी.

आता हिशेब करून बघा. साडेतेरा तासांत 200, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटर. शाळेला उशीर झालेली मुलगी जाते, तेवढाच वेग. पण त्याच वेळेत चहा, जेवण आणि पंक्चरही आलं. पंक्चर आपलं आपण काढायचं. घरची गाडी मागे ठेवून वाटेत मदत घेता येत नाही. त्यामुळे जोरात पळणाऱ्यापेक्षा थोडं थोडं, न थांबता पुढे जाणारा टिकतो. दर महिन्याला गटात शंभर रुपये टाकणारीला हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याची थोरली बहीण फ्रान्समध्ये आहे. पॅरिसजवळून निघायचं, समुद्रकाठच्या ब्रेस्ट शहरापर्यंत जायचं आणि परत यायचं, असे सुमारे 1200 किलोमीटर. जास्तीत जास्त 90 तास. 1891 साली ही खरीखुरी शर्यत म्हणून सुरू झाली. 1931 पासून हौशी माणसंही त्या वाटेनं जाऊ लागली. आज तिथे शर्यत उरलेली नाही, हौशी मंडळी मात्र दर चार वर्षांनी जमतात. 2019 साली सहा हजारांहून जास्त जण निघाले होते. आपल्या देशातूनही शेकडो गेले होते. त्याच वर्षी 200, 300, 400 आणि 600 हे चारही टप्पे पुरे केल्याशिवाय तिथे प्रवेश नाही.

तिथली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. वाटेवरच्या खेड्यांतली माणसं घरापुढे टेबल मांडून बसतात. रात्री-अपरात्री पाणी, कॉफी, खायला देतात, पैसे घेत नाहीत. पोरं रस्त्याकडेला हात पुढे करून उभी राहतात, टाळी द्यायला. ऐकून आमच्यातली एक आजी म्हणाली, "अगं, ही तर वारीच की!" खरंच आहे. वारीत कुणी पहिला येत नाही. आणि नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघतेच, त्यात बायकाही असतात.

तरी आमचा प्रश्न उरला होता. नोकरी-धंदा सांभाळून, रविवारची झोप मोडून माणसं हे करतात कशासाठी? फाट्यावरच्या त्या घोळक्यात चाळिशीच्या एक ताई होत्या. त्या म्हणाल्या, "आज दिवसभर माझ्याकडे कुणी काही मागत नाही. आणि संध्याकाळी काम पुरं झालं, असं कुणीतरी लिहून देतं."

आमच्या बायका गप्प झाल्या. पहाटे पाचला उठून रात्री नऊला आडवं होणाऱ्या आपण. साडेतेरा तास आपणही रोजच भरतो, जास्तच भरतो. पण पुरं झालं असं म्हणायला जागाच नाही.

त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही विचारलं, शाळेत असताना सायकल कोण कोण चालवत होत्या? बहुतेक हात वर गेले. लग्नानंतर कोण? एकच हात. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. आपल्या लेकी त्यावर शाळेला जातात. बारावी झाली, की तीच सायकल भावाकडे जाते, नाहीतर गोठ्यात गंजते. मग बँक आठ किलोमीटरवर असली, तरी पासबुक भरायला मोटारसायकलवाल्याची सवड बघायची. पैसे आपल्या नावावर, पण तिथवर जाणं दुसऱ्याच्या हातात.

म्हणून आम्ही ठरवलंय, की आपलीही एक ब्रेव्हे काढायची. 20 किलोमीटर, तीन तास. गावातून बाजारगावापर्यंत आणि परत. कार्ड वहीच्या पुठ्ठ्याचं. कर्जाच्या कागदावर मारतो तोच गटाचा शिक्का त्यावर तीन ठिकाणी पडेल: निघताना, बाजारगावच्या किराणा दुकानापाशी आणि परतल्यावर. साधी सायकल चालेल, ब्रेक मात्र लागले पाहिजेत. साडी, ड्रेस, जे सोयीचं ते घाला, पदर-ओढणी चाकात जाणार नाही एवढं बघा. उजेडातच निघायचं, रस्त्याच्या डाव्या कडेनं जायचं, एकटीला मागे सोडायचं नाही. पाणी आणि गूळ-शेंगदाणे सोबत. त्या सकाळची घरची भाकरी घरातले बाकीचे करतील, हे आधी बोलून ठेवायचं. खरा चढ तोच आहे, हे आम्हालाही माहीत आहे.

सासूबाई काय म्हणतील, असं दोघी-तिघींनी विचारलं. आम्ही म्हटलं, त्यांनाच बाजारगावच्या शिक्क्यापाशी बसवू. एक सासूबाई तयार झाल्या आहेत.

तुमच्या गावातही असं करता येईल. अंतर पाच किलोमीटर ठेवा, हरकत नाही. वेळ मात्र सगळ्यांना पुरेल अशी ठेवा आणि नंबर काढू नका. आज बैठक असेल, तर विषयपत्रिकेत हा एक विषय घाला. आणि गोठ्यातली सायकल बाहेर काढून हवा भरून बघा, ट्यूब टिकते का ते तरी कळेल. येतो आम्ही. नमस्कार.