'खेळीमेळीने' हा शब्द शिकविताना
(आंबागड येथील शिक्षकसभेत केलेले भाषण)



निबंधाच्या वह्या चाळताना 'आनंदाने' हा शब्द मला पानोपानी भेटतो. मुलगा आनंदाने शाळेत जातो, शेतकरी आनंदाने नांगरतो. एका वहीत तर गायही आनंदाने चारा खात होती! व्याकरणाच्या दृष्टीने यात काही चुकलेले नाही. रीतिवाचक क्रियाविशेषणाची व्याख्या मुलांना पाठच असते. परंतु ती क्रिया खरोखर कशी घडली, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

या गावच्या किल्ल्याचेच उदाहरण घ्या. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, इसवी सन १७०० च्या सुमारास तो बांधला गेला. पुढे भोसल्यांच्या अमदानीत तेथे कैदी ठेवीत. सहलीला आलेली मुले गड हसतखेळत चढतात. कैदीही हाच गड चढले. 'मुले गड – चढली. कैदी गड – चढले' अशी दोन वाक्ये फळ्यावर लिहावी आणि गाळलेल्या जागा मुलांकडून भरून घ्याव्या. क्रियापद तेच आहे. चित्र पालटते ते गाळलेल्या जागेतील शब्दाने.

आपल्या भाषेत या अर्थाच्या शब्दांची वाण नाही. 'आनंदाने' मनाविषयी बोलतो, 'हसतमुखाने' चेहऱ्याविषयी. मनात त्रास असूनही पाहुण्याला हसतमुखाने पाणी देता येते. 'राजीखुशीने' म्हटले की बळजबरी नव्हती, एवढेच कळते. 'हसतमुख' हे विशेषण मात्र व्यक्तीचे, क्रियेचे नव्हे. येथे मुले हमखास गोंधळतात. आणि 'खेळीमेळीने' या शब्दाला सोबती लागतात. 'गोपाळ एकटाच खेळीमेळीने जेवला' हे वाक्य पहिलीतील मुलालाही खटकेल. ते मुद्दाम सांगावे आणि वर्गाला हसू द्यावे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. मी नवखा शिक्षक असताना एका मुलीने लिहिले होते, 'आई बांधीत वाकून रोवणी करते.' मी लाल शाईने त्यात 'आनंदाने' हा शब्द घातला. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, आईची तर कंबर दुखते." मी म्हणालो, "निबंधात असेच लिहितात." तिने मुकाट्याने लिहिले. तिचे वाक्य खरे होते, ते मी खोटे केले.

त्याच पावसाळ्यात एकदा दुपारी त्या वाटेने जात होतो. चिखलाने भरलेल्या पायांनी बाया बांधावर बसल्या होत्या. शिदोऱ्या सोडून एकमेकींच्या भाकरीवर चटणी वाढीत, थट्टा करीत त्या खेळीमेळीने जेवत होत्या. त्यांत त्या मुलीची आईही होती. 'आई दुपारी कशी जेवते?' एवढे मी विचारले असते, तर तो शब्द त्या मुलीनेच मला दिला असता.