पणजोबांचा पत्ता दप्तरात आहे



पेण-रोह्याकडच्या आपल्या पुष्कळ घरांत पणजोबांची ओळख एवढीच उरली आहे की ते शेती करीत. बादशहांची नावे आपण पाठ करतो. पण खाडीचा बांध राखून भात पिकविणाऱ्या आपल्याच माणसाच्या वडिलांचे नाव सांगता येत नाही. हा माणूस इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. त्याला सरकारी दप्तरात शोधावे लागेल.

आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा. त्यावर फेरफारांचे क्रमांक असतात. एकेक फेरफार काढून वाचा. जमीन वारसाने आली, खरेदीने आली की गहाण पडली, हे त्यात लिहिलेले असते. असे मागे मागे जावे. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, न मिळालेले जुने कागद तहसील कचेरीत विचारावेत. खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे. १९८१ पूर्वीच्या कागदांवर जिल्हा ‘कुलाबा’ असेल. तो आपलाच रायगड. जुन्या नोंदींत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. लिपी मोडी असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावी.

मालकांत नाव नाही म्हणून निराश होऊ नका. पूर्वज कूळ असतील तर ‘इतर हक्क’ या रकान्यात पाहा. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कायद्याच्या अटींत बसणारी, जमीन कसणारी कुळे मालक मानली गेली. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या राबलेला माणूस मालकाच्या रकान्यात कसा दिसावा?

आणखी एक गोष्ट, विशेषतः मुलींसाठी. वारसांच्या फेरफारात पणजोबांच्या लेकींची नावे आहेत का, ते पाहा. असतील आणि पुढच्या उताऱ्यात नसतील, तर मधला फेरफार वाचा. त्यांनी हक्क सोडला होता की नाव नुसतेच गळले, हे तेथे कळते. मुलीला वारसा देणारी शरियत आपण मानतो. तेव्हा हे पान वाचायला आपण कचरू नये.

कागद नाव व तारीख देईल. बांध कोणी घातला, दुष्काळात कोण मुंबईला गेले, हे मात्र बुजुर्गच सांगतील. या सुट्टीत वही घेऊन आधी त्यांच्यापाशी बसा, मग कचेरीत जा. कागद थोडे दिवस थांबेल. माणूस थांबत नाही.