मारलेल्यांना मारलेलेच म्हणा



संमेलनाच्या अध्यक्षाने मराठीच्या समृद्धीवर बोलावं अशी प्रथा आहे. ती मोडून मी आज आपल्या लेखनात शिरलेल्या एका शब्दाशी भांडणार आहे: 'कोलॅटरल डॅमेज'. घटस्फोटात मुलं कोलॅटरल डॅमेज, फेररचनेत नोकरी गेलेले कामगार कोलॅटरल डॅमेज, धरणाखाली गेलेली गावंही तेच. हे आपण बिनदिक्कत लिहितो.

सैन्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ नेमका आहे. हल्ल्यात लक्ष्य नसलेल्या माणसांना, घरांना पोचणारी इजा. आणि या अर्थाला कायद्याची वेसण आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेला पहिला प्रोटोकॉल सांगतो, की अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी बेसुमार होणार असेल, तर तो हल्ला करूच नये. बॉम्ब टाकण्याआधी हिशेब मांडलाच पाहिजे. आपण लाक्षणिक अर्थ उचलला तेव्हा हा हिशेब तिथेच टाकून आलो आणि माफी तेवढी घेऊन आलो.

मूळ अर्थ तरी कुठे निष्पाप आहे? आखाती युद्ध, १३ फेब्रुवारी १९९१. बगदादमधल्या अमिरिया भागातला निवारा. अमेरिकेच्या दोन लेझर-नियंत्रित बॉम्बांपैकी पहिल्याने काँक्रीटचं छत फोडलं, दुसरा त्याच भोकातून आत जाऊन फुटला. चारशेहून अधिक नागरिक मारले गेले, त्यांत कितीतरी बायका आणि मुलं. ते लष्करी नियंत्रण केंद्र होतं, असं अमेरिकेने सांगितलं. पण नेम चुकला नव्हता! ज्या छतावर धरला, त्याच छतावर लागला. मग आतल्या माणसांना लक्ष्याबाहेरची कोणत्या तोंडाने म्हणायचं?

त्याच आखाती युद्धात लढलेल्या टिमथी मॅकव्हेने १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीतली सरकारी इमारत बॉम्बने उडवली. १६८ माणसं मारली, त्यांत १९ मुलं. त्या मुलांबद्दल बोलताना त्याने हाच शब्द वापरला. सैन्याचा शब्द खुन्याला जसाच्या तसा पुरला.

काही विद्वान 'आनुषंगिक हानी' हा प्रतिशब्द पुढे करतात. त्याला माझा इंग्रजीपेक्षा जास्त विरोध आहे. 'हानी झाली' म्हटलं की करणारा वाक्यातून पसार होतो. 'मारलं' म्हटलं की 'कुणी?' हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. तो प्रश्न आपल्याला नकोसा झाला आहे का?

भाषा बदलतच असते, असं मला ऐकवलं जाईल. ती बदलणारी माणसं असतात, आणि तिला अडवणारीही. कोसोव्होच्या युद्धात, १९९९ साली, नाटोच्या हवाई मोहिमेत जर्मनीची स्वतःची विमानं होती. तरीही तिथल्या भाषाभ्यासकांच्या ज्युरीने याच शब्दाच्या जर्मन रूपाला त्या वर्षाचा कुशब्द ठरवलं. आपल्याकडे युद्ध नसतानाही एवढी हिंमत होत नाही.

इथे संपादक बसले आहेत, कथाकार बसले आहेत. नोकरी गेली तर कुणी काढलं ते लिहा. गाव बुडालं तर कुणी बुडवलं ते लिहा. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी दुपारच्या परिसंवादात उठून बोलावं. मी पहिल्या रांगेत असेन.