घरी सेवेला येणारं माणूस
(मंडळाच्या ज्येष्ठ मेळाव्यातील भाषण)



दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या कितीतरी घरांत एखादी आजी नाहीतर आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशात. मग ब्यूरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी आयाबेन दारात उभी राहते. तिला पारखायचं कसं?

आपल्याकडे पहिली अडचण भाषेची. आपल्या पिढ्या बडोद्यात गेल्या, गुजराती आपल्या तोंडात बसलेली. पण स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. जन्मभर बाजारात फर्डी गुजराती बोललेल्या आजी 'कूस बदल गं' एवढंच म्हणत राहतात, आणि समोरचीला ते कळत नाही. तरी मराठीच बाई हवी असा हट्ट नको, मिळायची नाही. कूस, कळ, पांघरूण, गार असे पंधरा-वीस शब्द गुजराती अक्षरांत लिहून पलंगाशी लावा, पहिल्या दिवशी तिला म्हणून दाखवा.

गोड बोलण्यावर जाऊ नका. अंगाला हात लावण्याआधी 'बा, हवे पडखुं फेरवुं छुं' असं ती सांगते का, ते पाहा. हलता न येणाऱ्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. रात्री दोन वाजता ते करणारी बाई मिळाली तर तिला जपा. आठवड्याला माणूस बदलणारा ब्यूरो स्वस्त असला तरी नको.

आता थोडं कडू. ब्यूरोला आपण देतो त्यातले तिच्या हाती किती पडतात, हे आपण विचारतो का? दाहोद, छोटाउदेपूरकडून आलेली बाई बारा तासांची पाळी संपवते आणि 'आजच्या दिवस थांब' म्हणून आपण तिला आणखी बारा तास ठेवतो. तिचा कप वेगळा ठेवणारी घरंही आपल्यातच आहेत. वर आपण तिच्याकडून माया मागतो!

सरकारचं काय? ज्येष्ठांच्या देखभालीचा कायदा 2007 चा. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, दर्जा ठरावा, अशी तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं. ते मंजूर झालंच नाही, आणि 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचं कवच मिळालं, पण ते इस्पितळातल्या उपचारांसाठी. घरच्या आयाबेनचा पगार त्यात बसत नाही.

म्हणून मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या हाती देण्यासाठी मंडळाने निवेदन तयार केलं आहे. ब्यूरोंची नोंदणी ही एक मागणी. बाईला प्रत्यक्ष मिळणाऱ्या पगाराची लेखी पावती आणि आठवड्याची सुट्टी, ही दुसरी. सह्यांचा कागद मागच्या टेबलावर आहे. पहिलीला सही आणि दुसरीवर काट, असं कृपया कुणी करू नये.