झोंप कां येत नाहीं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील लाखो मजूर कोयते घेऊन ऊसतोडीसाठीं घराबाहेर पडतात. पहांटेच्या अंधारांत फडांत शिरावयाचें, दिवसभर ऊस तोडून मोळ्या बांधावयाच्या आणि वाहन अपरात्रीं आलें तरी तें भरून द्यावयाचें, असा त्यांचा हंगाम असतो. पाठ टेकतांच त्यांचा डोळा लागतो. पण झोंपावयास सवड कोठें? उलट त्याच जिल्ह्याच्या शहरांतील एखादा गृहस्थ दहा वाजतां गादीवर पडतो आणि तीन वाजेपर्यंत कूस बदलीत राहतो. मजुराची झोंप परिस्थितीनें हिरावलेली असते. गृहस्थाला सवड असूनही ती येत नाहीं. वैद्यकशास्त्र निद्रानाश म्हणतें तो हा दुसरा प्रकार. मजुराला विश्रांतीचे तास मिळवून दिले पाहिजेत. गृहस्थाचे अंथरुणांतील तास वाढविल्यानें मात्र त्याचा रोग बळावतो.

असें कां व्हावें? जागेपणीं जसजसा वेळ जातो तसतशी मेंदूंत झोंपेची भूक सांचत जाते. शिवाय शरीरांत उजेड-अंधाराशीं जुळलेलें एक घड्याळ चालतें. या दोहोंचा मेळ बसला म्हणजे झोंप येते, अशी उपपत्ति आलेक्सांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानें १९८२ सालीं मांडली. निद्रानाशाचा आरंभ बहुधा खऱ्या चिंतेंतून होतो. पाऊस ओढ देतो, कर्ज थकतें, घरांत दुखणें येतें. रात्र वाया गेली म्हणून मनुष्य दुपारीं लोळतो, सकाळीं उशिरां उठतो, संध्याकाळीं चहा वाढवितो. चिंता सरते, पण या संवयी राहतात. भूक मोडते, घड्याळ चुकतें आणि अंथरूण पाहतांच मन जागें होऊं लागतें.

उपाय या संवयींवरच करावयाचा असतो. झोंप आल्याखेरीज अंथरुणावर जाऊं नये. वीसेक मिनिटांत डोळा न लागल्यास उठून दुसरीकडे मंद उजेडांत बसावें व पेंग आली कीं परतावें. घड्याळाकडे पाहूं नये. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी व दिवसा झोंपूं नये. नऊ तास पडून साडेपांच तासच झोंप लागत असेल, तर वैद्याच्या देखरेखीखालीं पडण्याचा काळ सहा तासांवर आणून हळूहळू वाढवितात. पहिले कांहीं दिवस जड जातात. गुण कांहीं आठवड्यांनीं दिसतो. अमेरिकेंतील वैद्यांच्या प्रमुख संस्थेनें २०१६ सालीं गोळ्यांच्या आधीं हीच संवयींची व विचारांची चिकित्सा करावी, अशी शिफारस केली.

चरकसंहितेंत निद्रा ही शरीराच्या तीन आधारांपैकीं एक मानली आहे व झोंपेसाठीं तेलाचें मर्दनही सांगितलें आहे. तळपायांना तेल चोळण्यास हरकत नाहीं; मात्र 'आज झोंप आलीच पाहिजे' हा हट्ट सोडावा. झोंपेच्या गोळ्या थोडे दिवस व वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्याव्यात. त्यांची संवय जडते आणि वृद्धांना पडण्याचें भय असतें.

आठवड्यांतून तीन रात्री असें तीन महिने चाललें, घोरतांना श्वास अडकूं लागला, किंवा मन खिन्न होऊन जगणें नकोसें वाटलें, तर अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाचें किंवा जवळचें सरकारी रुग्णालय गांठावें. जगणें नकोसें झालेल्या मनुष्याला तर घरच्यांनीं त्याच दिवशीं तेथें न्यावें. त्याला एकट्यानें रात्र काढूं देऊं नये.